जुन्या चेन सॉ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सोलापूर शहर आणि तालुक्यांतून चेन सॉबद्दल (लाकूड कापायची पेट्रोलवरची साखळी करवत) आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. वखारी बंद पडतात, शेतातल्या जुन्या सामानाचा लिलाव होतो, आणि ही मशीनं भंगारवाल्याच्या काट्यावर येतात. तिथून ती उचलून पुन्हा उभी करणारे आता बरेच झालेत. प्रश्न थोडक्यात दिले आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न (मोहोळ) : बंद वखारीतून स्टिल या जर्मन कंपनीची ०७० चेन सॉ घेतली. बरीच वर्षं पडून होती. दोरी ओढली की फिरते, प्लगला ठिणगीही येते. विकणारा म्हणाला, नवा प्लग टाका, पेट्रोल भरा, चालू होईल. करून बघू का?

चालू होईलही, आणि धोका तिथेच आहे. पडून राहिलेल्या मशीनचे क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील वाळून कडक होतात. त्यांच्या कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. अशी मशीन सुरुवातीला नेहमीपेक्षा जोरात, खणखणीत चालते. बघणारा खूश होतो. थोड्याच वेळात पिस्टन ब्लॉकला (सिलिंडरला) घासतो आणि जॅम होतो. म्हणून पेट्रोल भरण्याआधी तीन तपासण्या कराच.

पहिली, डोळ्यांनी. सायलेन्सर काढा, टॉर्च मारा आणि दोरी हळू ओढत एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन बघा. नंतर कार्बोरेटर उतरवून त्या बाजूनेही बघा. एक्झॉस्टकडे उभे ओरखडे असतील तर मशीन लीन चालली आहे किंवा तेल कमी पडलं आहे. कार्बोरेटरकडची बाजू मातकट, घासून निस्तेज झाली असेल तर एअर फिल्टरमधून धूळ गेली आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेत हे फार दिसतं. चार ठिकाणी समान अंतरावर ओरखडे असतील तर थंड मशीन चालू करून लगेच फुल रेस दिली आहे. ओरखडे दिसलेच तर इथेच थांबा, ब्लॉक उतरवा.

दुसरी, कॉम्प्रेशन. प्लगच्या भोकातून टू-टी ऑइलचे (टू-स्ट्रोकच्या तेलाचे) चार-पाच थेंब सोडून दोरी सावकाश फिरवा. मग गेज लावा, रेस पूर्ण दाबा, डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह (दोरी ओढताना दाब सोडणारा) बंद आहे ना ते बघा (०७० ला तो असतो आणि नेमका उघडा राहतो), आणि पाच-सहा वेळा पूर्ण दोरी ओढा. १३० पीएसआयच्या वर असेल तर उत्तम. १०० च्या खाली असेल तर चमचाभर तेल आत घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग गेल्या आहेत. हलला नाही तर डिकॉम्प्रेशन व्हॉल्व्ह, प्लगची वॉशर किंवा ब्लॉकची प्लेटिंग, यांपैकी काहीतरी गळतंय.

तिसरी तपासणी बहुतेक जण टाळतात: हवेची गळती. एक्झॉस्टच्या तोंडावर मोटरसायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर जाड पत्र्याची पट्टी ठेवून बोल्ट आवळा. कार्बोरेटरच्या जागीही तशीच पट्टी लावा, पण तिला भोक पाडून नळी बसवा. प्लग घट्ट बसवून पिस्टन अगदी वर आणा, म्हणजे इनटेकचं तोंड खालून उघडं राहतं आणि हवा क्रँककेसपर्यंत पोचते. नळीला डॉक्टरांच्या ब्लड प्रेशरच्या यंत्राचा फुगा आणि मीटर जोडा. कंपन्यांची पद्धत अर्ध्या बारची आहे, पण ३०० मिमी पारा म्हणजे सुमारे ०.४ बार होतो, तेवढ्यावर काम भागतं. काटा जागेवर थांबला पाहिजे. खाली येत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: दोन्ही सील, ब्लॉकचं गॅस्केट, क्रँककेसचा जोड, प्लग.

एवढ्यावर सील पास करू नका. सीलचा ओठ आतल्या दाबाने शाफ्टला चिकटतो, पण आत व्हॅक्यूम झाला की उचलला जातो. चालत्या मशीनमध्ये दोन्ही आळीपाळीने होतं. म्हणून ब्रेक ब्लीड करायचा हातपंप गॅरेजमधून मागून आणा आणि तेवढाच व्हॅक्यूम देऊन बघा. दाबात टिकणारा आणि व्हॅक्यूममध्ये पडणारा सील हमखास भेटतो.

नवा सील घ्यायला कंपनीचाच डबा पाहिजे असं नाही. शाफ्टचा व्यास, घराचा व्यास आणि जाडी व्हर्नियरने मोजा; जुन्या सीलवर हेच तीन आकडे बहुधा छापलेले असतात. बेअरिंगच्या दुकानात त्या मापाचा सील मिळतो. साध्या नायट्राइल रबरावर भागतं, पण हल्लीचं पेट्रोल बघता व्हायटॉन रबराचा मागा. जुना सील पेचकस खुपसून काढू नका, शाफ्टवर ओरखडा पडला की नवाही गळतो. सीलच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यात स्क्रू फिरवा आणि स्क्रू धरून ओढा. नवा बसवताना स्प्रिंगची बाजू आत, ओठाला ग्रीस.

क्लच उघडताना लक्षात ठेवा, बहुतेक चेन सॉमध्ये त्या बाजूचे आटे उलटे असतात. पिस्टन अडवायला लोखंडी सळई नको. पिस्टन वर येताना एक्झॉस्टचं तोंड पूर्ण झाकल्यावर प्लगच्या भोकातून सुती दोरी भरा. त्याआधी भरली तर ती तोंडात अडकून कापली जाते.

प्रश्न (जुळे सोलापूर) : संग्रहासाठी कोणती मॉडेलं बघावीत? नक्कल कशी ओळखायची?

आपल्या भागात हाती लागण्याची शक्यता सर्वांत जास्त ०७० ची आहे. १०६ सीसी, बोअर (ब्लॉकचा आतला व्यास) ५८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४० मिमी. तिचं मूळ १९५९ च्या स्टिल कॉन्ट्रामध्ये आहे, जी कंपनीची पहिली बिनगिअरची चेन सॉ. कॉन्ट्रा चांगल्या अवस्थेत मिळाली तर दुसरा विचार करू नका. ०९० दिसायला ०७० सारखीच, पण बोअर ६६ मिमी, १३७ सीसी. मॅक्क्युलॉकची १९४९ ची ३-२५ किंवा होमलाइटची एक्सएल-१२ इकडे क्वचितच, आणि आली तरी सुटे भाग परदेशातून मागवावे लागतात, ते धरूनच किंमत करा.

०७० च्या नकला उदंड आहेत. कव्हर आणि स्टिकर बघून काही कळत नाही. क्रँककेसवर ठोकलेला नंबर, ओतकामाच्या कडा, बोल्टच्या भोकांची सफाई हे बघा. नकलेत जोडाच्या रेषा जाड असतात, भोकं थोडी तिरकी असतात आणि हँडलचं रबर नखाने दाबलं की कडक लागतं. अस्सल क्रँककेस आणि त्यावर नकली पिस्टन, ब्लॉक, कार्बोरेटर अशी खिचडीही चालते. तशी घ्यायला हरकत नाही, क्रँककेस आणि क्रँक चांगले असले म्हणजे झालं. चकचकीत नकलेपेक्षा जॅम झालेली अस्सल मशीन केव्हाही बरी.

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी) : ब्लॉकमध्ये पिस्टनचं ॲल्युमिनियम चिकटलंय. बोअरिंगवाला म्हणतो, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकू. टाकावा का?

आधी चुंबक लावा. घट्ट चिकटला तर लोखंडी लायनर आहे, बोअर होऊ शकतो. चिकटला नाही तर ॲल्युमिनियमवर क्रोम किंवा निकेलचा पातळ थर आहे, आणि ०७० सारख्या बहुतेक मशीनना हाच असतो. तो बोअर केला की थर गेला, ब्लॉक भंगारात. मोटरसायकलचे लोखंडी ब्लॉक रोज करणाऱ्या कारागिराला हे सांगावं लागतं, त्यात त्याचा दोष नाही.

चिकटलेलं ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याने विरघळतं, क्रोमला तो काही करत नाही. पण ब्लॉकसुद्धा ॲल्युमिनियमचाच आहे, म्हणून ब्लॉक सोड्यात बुडवायचा नाही. रबरी हातमोजे, गॉगल, उघडी जागा, जवळ विडी-काडी नाही. यातून हायड्रोजन निघतो. अर्धा कप पाण्यात चमचाभर सोडा टाका, सोड्यावर पाणी ओतू नका. कान साफ करायच्या कापसाच्या काडीने फक्त काळ्या-करड्या रेघांवर लावा. बुडबुडे येतील, पाणी काळं होईल. मिनिटभराने ओल्या फडक्याने पुसा आणि पुन्हा लावा. पोर्टच्या (ब्लॉकच्या भिंतीतल्या तोंडांच्या) कडांना लागू देऊ नका, तिथे उघडं ॲल्युमिनियम असतं. बुडबुडे थांबले की चिकटलेलं संपलं. डाग दिसत नाही पण फेस येतच राहतो, याचा अर्थ थर फाटला आहे आणि सोडा ब्लॉक खातोय. लगेच धुवा, पांढरं व्हिनेगर लावा, पुन्हा धुवा, वाळवून तेल पुसा. असा ब्लॉक बदलावाच लागतो.

थर शाबूत असेल तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून हाताने तिरकस फिरवा. दगडाचं होन (ब्लॉक आतून घासायचं हत्यार) नको.

नवी रिंग नुसतीच ब्लॉकमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. ५८ मिमी बोअरला ०.२ ते ०.३५ मिमी असावी. जुन्या रिंगची ०.७ च्या पुढे गेली असेल तर ती काढा. पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगची टोकं तिच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत. नाहीतर टोक पोर्टमध्ये अडकून तुटतं. गजन पिनच्या (पिस्टनमधल्या आडव्या पिनच्या) सर्क्लिपचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नाही. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या प्रत्येक फेरीच्या झटक्याने क्लिप दबत राहते, शेवटी निसटते आणि ब्लॉकमध्ये खोल चरा पाडते. सर्क्लिप काही रुपयांची वस्तू आहे, जुनी परत वापरू नका.

प्रश्न (बार्शी) : पॉइंटवाली (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच असलेली) मशीन आहे. थंड असताना चालू होते, तापली की बंद, मग तासभर चालू होत नाही. कॉइल बदलू का?

कॉइल महाग, म्हणून शेवटी. आधी कंडेन्सर बदला, कारण तापल्यावर ठिणगी जाण्याचं दुखणं बहुतेक वेळा त्याचंच असतं. मॅग्नेट (चुंबक असलेलं फ्लायव्हील) उतरवून पॉइंटही बघा. एका बाजूला खड्डा आणि दुसरीकडे टेकडी झाली असेल तर कंडेन्सर बिघडल्याची ती खूणच आहे. पॉइंट ४०० च्या पेपरने सपाट करा, मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कोरा जाड कागद मधून दोन-तीनदा ओढा. पेपरचा एक कण राहिला तरी ठिणगी अडते. फट ०.३५ ते ०.४ मिमी. कॉइल आणि मॅग्नेटमधली फट ०.२ ते ०.३ मिमी, व्हिजिटिंग कार्ड घालून कॉइल दाबून आवळलं की साधारण तेवढीच येते. प्लगचा गॅप ०.५ मिमी.

मॅग्नेट काढताना हातोडा मारायचाच असेल तर नट शाफ्टच्या टोकाशी समतल ठेवून, पण पुलर असताना मारायचाच कशाला? मॅग्नेट शाफ्टवर जागेवर धरणारी चावी तुटली किंवा अर्धी कापली गेली तर टायमिंग सरकतं, दोरी हाताला उलटा झटका देते, आणि माणूस कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतो.

पॉइंटच्या जागी बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं. चालवायच्या मशीनला लावायला हरकत नाही. संग्रहातल्या मशीनला लावलंत तर जुने पॉइंट आणि कंडेन्सर पिशवीत घालून मशीनसोबत ठेवा.

प्रश्न (पंढरपूर) : टाकीवर १:२५ लिहिलंय. दुकानदार १:५० सांगतो. आणि ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने जुनी मशीन खराब होते का?

ते १:२५ त्या काळच्या तेलासाठी होतं. आज डब्यावर 'जेएएसओ एफडी' (जपानी दर्जाचा शिक्का) असलेलं टू-टी ऑइल घेतलंत तर जुन्या, ताज्या दुरुस्त केलेल्या मशीनला लिटरला २५ ते ३० मिली पुरतं, म्हणजे १:४० ते १:३३. नवी रिंग बसवल्यावर पहिल्या दोन टाक्या ४० मिलीने चालवा. १:५० म्हणजे २० मिली. मे महिन्यात ०७० वर आम्ही तेवढ्यावर जाणार नाही. कारचं इंजिन ऑइल नको, होडीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ ही नको, दोन्ही या उष्णतेसाठी नाहीत. तेल वाढवलं की तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे मिश्रण लीन होतं; प्रमाण बदललं की कार्बोरेटरही पुन्हा लावा.

ई२० ची अडचण तीन प्रकारची. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण आणखी लीन होतं. जुने रबरी पाइप आणि डायफ्राम फुगतात, मग कडक होतात. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. टाकीतला फिल्टर नेमका तळाशीच असतो. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलवर रुसता येत नाही, तेव्हा उपाय करा: पाइप आणि डायफ्राम इथेनॉल चालणाऱ्या रबराचे नवे टाका, पेट्रोल लागेल तेवढंच मिसळा, महिन्याच्या आत संपवा. पेट्रोलमध्ये पाणी घालून इथेनॉल वेगळं काढायचा उद्योग काही जण करतात; त्याने ऑक्टेन पडतं, करू नका.

टिलॉटसन कंपनीच्या कार्बोरेटरला एच (फुल रेसचा) आणि एल (कमी रेसचा) दोन्ही स्क्रू हलकेच बंद करून एकेक फेरा उघडा. जोराने आवळले तर सुईचं टोक आणि बैठक दोन्ही जातात. मशीन गरम झाल्यावर एल असा लावा की रेस देताना अडखळत नाही. एच साठी फुल रेस देऊन कान द्या. लाकडाबाहेर आवाज थोडा फुटका, भरभरता यावा आणि लाकडात घातल्यावर साफ व्हावा. लाकडाबाहेरच सुरेल चिरका आवाज येत असेल तर पाव फेरा उघडा, लगेच.

प्रश्न (सांगोला) : बॉडी साफ करायला टॉयलेट क्लीनर चालेल का? सँड ब्लास्ट करून पावडर कोटिंग करायचा विचार आहे.

नाही, नाही आणि नाही. या मशीनच्या क्रँककेस बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूच्या असतात. टॉयलेट क्लीनरमधलं ॲसिड मॅग्नेशियम डोळ्यांदेखत खातं. ब्लास्टिंगची किंवा ग्राइंडरची मॅग्नेशियमची धूळ पेट घेऊ शकते आणि ती आग पाण्याने भडकते; विझवायला कोरडी वाळूच लागते. पावडर कोटिंगच्या भट्टीच्या तापमानात सील आणि रबर टिकत नाही.

रॉकेल किंवा डिझेल, नायलॉनचा ब्रश आणि जुना टूथब्रश, मग कपड्याच्या साबणाचं कोमट पाणी, त्याच दिवशी उन्हात पूर्ण वाळवणं, एवढं पुरे. जिथे रंग उडून पांढरी पूड धरली आहे तिथे हाताने ओला पेपर मारा, धातूला धरणारा इचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर लावा, मग रंग. मूळ रंग बऱ्यापैकी असेल तर तो तसाच ठेवा. नवा रंग कधीही देता येतो, जुना परत आणता येत नाही.

प्रश्न (करमाळा) : चेन कुठल्या मापाची घ्यायची? गाडीतून काढलेलं जळकं ऑइल चेनला चालतं ना?

लागोपाठच्या तीन रिव्हेटमधलं अंतर मोजा, दोनाने भागा, ती पिच. ०७० ला बहुतेक .४०४ इंच असते, म्हणजे तीन रिव्हेटमध्ये साधारण २०.५ मिमी. बारच्या (चेन जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या) खाचेची रुंदी वेगळी मोजा: १.३, १.५ किंवा १.६ मिमी. मग बारच्या खाचेत बसणारे, चेनच्या आतल्या बाजूचे दात मोजा. हे तिन्ही आकडे दुकानदाराला द्या. 'वीस इंची चेन' एवढ्यावर चुकीची चेन मिळते. धार लावायला .४०४ ला ५.५ मिमीची गोल कानस, .३२५ ला ४.८ ची. कानस आतून बाहेर, एकाच दिशेने. कापणाऱ्या दातापुढचा उंचवटा दातापेक्षा .४०४ ला ०.८ मिमी खाली असावा. जास्त घासला तर चेन लाकडात झटके मारते. बाभळीसारख्या कडक लाकडाला थोडा उंचच ठेवा. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) अर्धा मिमी खाच पडली असेल तर चेनसोबत तोही बदला.

जळकं ऑइल नको. त्यातली धातूची कीस बारची खाच आणि ऑइल पंप दोन्ही खाते, आणि ते उडून अंगावर, हातावर, श्वासात येतं. त्वचेच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. नवं, साधं एसएई ४० घ्या. फुल रेसवर बारचं टोक कोऱ्या कागदापासून वीतभर लांब धरा. दहा-पंधरा सेकंदांत तेलाची रेघ उमटली तर पंप बरोबर आहे.

प्रश्न (सोलापूर) : दुरुस्त झालेल्या जुन्या मशीनने घरासमोरचा वाळलेला कडुलिंब पाडता येईल का?

शहरातल्या झाडाला हात लावण्याआधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, १९७५ चा शहरी झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा वाळलेल्या झाडालाही लागू आहे. परवानगी मिळाली तरी या मशीनने पाडू नका. चेन ब्रेक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. त्याआधीच्या मशीनना ते नाहीत, आणि ०७० पुष्कळ वर्षं ब्रेकशिवायच विकली गेली. बारच्या टोकाचा वरचा भाग फांदीला लागला की बार चेहऱ्याकडे उसळतो, आणि चेन थांबवणारं काहीच नसतं. जमिनीवर, ओंडक्याखाली ठोकळे घालून, बारच्या बुडाजवळच्या भागानेच कापा. गॉगल, कानावर मफ, जाड बूट. चालू करताना मशीन जमिनीवर, मागच्या हँडलवर पाय, चेन मोकळी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं चालवून थंड होऊ द्या आणि ब्लॉकचे बोल्ट पुन्हा आवळा. नवं गॅस्केट बसलं की ते हमखास ढिले होतात.